बासष्टाव्या वर्षीं पहिली तबकडी

गेल्या लेखांकाच्या शेवटीं मीं असें सांगितलें होतें कीं, या महिन्यांत आपण जुन्या पाठशाळांतील पाठांतराच्या पद्धतीविषयीं बोलूं. तें वचन या खेपेस पाळतां येत नाहीं, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. मध्यंतरीं एक प्रकार असा घडला कीं, त्यानें माझ्या मनांतील एक जुनी खोली उघडली, आणि आंत जें सांपडलें तें लिहून टाकल्यावांचून दुसऱ्या विषयाकडे वळणें मला शक्य झालें नाहीं. विषय परदेशचा आहे आणि तोहि गाण्याचा. संस्कृतच्या एका जुन्या शिक्षकानें अमेरिकेंतील गाण्याविषयीं लिहावें हें कांहींना विपरीत वाटेल. त्यांना एवढीच विनंती कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय बोल लावावयाचा तो लावावा.

आमच्या घरीं दिवेलागणीस रामरक्षा म्हणण्याचा परिपाठ अजून चालू आहे. श्रावणांतल्या एका संध्याकाळीं ती आटोपून मी ओटीवर पुस्तक घेऊन बसलों होतों. माजघरांत धाकट्या बंधूंची नात आपल्या मोबाईलवर गाणीं ऐकत होती. ही मुलगी महाविद्यालयांत शिकते. तिचीं गाणीं मी ऐकूनहि न ऐकल्यासारखें करतों; एकत्र कुटुंबांत सुखानें नांदावयाचें तर ही विद्या प्रत्येकाला साधावी लागते. पण त्या दिवशीं एका पुरुषाचा आवाज असा कानीं आला कीं, हातांतलें पुस्तक आपोआप मिटलें. आवाज घोगरा, चिरलेला, मधूनच आरोळी फोडणारा. आणि तरीहि सुराला धरून. स्वयंपाकघरांतून आमच्या थोरल्या वहिनींनीं विचारलें, “अगं, हा माणूस गातो आहे कीं रडतो आहे?” मुलगी म्हणाली, “आजी, दोन्ही.”

इतकी नेमकी समीक्षा मीं अलीकडे छापलेली पाहिली नव्हती. मीं तिला जवळ बोलावून तो गवई कोण तें विचारलें. नांव चार्ल्स ब्रॅडली. जन्म इ. स. १९४८, मृत्यु २०१७. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत राहणारा कृष्णवर्णीय अमेरिकन. पोटासाठीं आयुष्यभर आचाऱ्याचें काम केलें. “आणि आजोबा,” ती म्हणाली, “याची पहिली तबकडी निघाली २०११ सालीं. तेव्हां याचें वय बासष्ट होतें.”

बासष्ट हा आकडा ऐकून मीं मनांतल्या मनांत हिशेब केला. अठ्ठावन्नाव्या वर्षीं मी सेवानिवृत्त झालों. बासष्टाव्या वर्षीं माझा उद्योग काय होता? सकाळीं फिरावयास जाणें, वर्तमानपत्र दोनदां वाचणें, आणि कोणीं कांहीं नवें सुचविल्यास “आतां या वयांत काय?” असें म्हणणें. त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं तासभर ती मुलगी माझी शिक्षिका झाली आणि मी तिचा विद्यार्थी. दोन महिन्यांत जें शिकलों त्यांतील निवडक भाग वाचकांपुढें ठेवीत आहें.

अमेरिकेंत ज्या गाण्याला ‘सोल’, म्हणजे आत्मा, असें म्हणतात त्याची कुळकथा थोडक्यांत अशी. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनीं त्या देशांत दोन प्रकारचीं गाणीं घडविलीं. एक देवळांतलें, म्हणजे त्यांच्या चर्चमधील स्तवनाचें. त्यास ‘गॉस्पेल’ म्हणतात. दुसरें शेतांतलें, रस्त्यावरचें, दारिद्र्याचें आणि विरहाचें. त्यास ‘ब्लूज’ म्हणतात. चर्चमध्यें धर्मोपदेशक एक वाक्य उच्चारतो आणि सारा समुदाय त्याला प्रतिसाद देतो. कीर्तनांत बुवांनीं चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनीं तो उचलून धरावा, तसाच हा प्रकार. १९५० नंतरच्या दशकांत रे चार्ल्स, सॅम कुक इत्यादि गवयांनीं चर्चमधील ही आर्तता उचलून प्रपंचांतल्या गाण्यांत आणली. देवाला मारावयाची हांक प्रियेला मारली. धर्मनिष्ठ वडीलधाऱ्यांना तें रुचलें नाहीं. पण गाणें मात्र जन्मास आलें.

या गाण्याचीं दोन मोठीं घराणीं झालीं. डेट्रॉइट शहरांत बेरी गॉर्डी या गृहस्थानें १९५९ मध्यें ‘मोटाऊन’ ही संस्था काढली. हे गृहस्थ पूर्वीं मोटारींच्या कारखान्यांत कामास होते, आणि कारखान्यांत गाडी जशी टप्प्याटप्प्यानें तयार होते तशींच गाणीं घडवावयाचीं ही त्यांची पद्धत होती. दुसरें घराणें दक्षिणेंतील मेम्फिस शहराचें, नांव ‘स्टॅक्स’. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भाऊबहिणींनीं एका बंद पडलेल्या चित्रपटगृहांत तें थाटलें. शहरांत काळ्यागोऱ्यांनीं शेजारीं बसून जेवण्याची चोरी. परंतु त्या घरांतील मुख्य वादकांत दोघे काळे आणि दोघे गोरे एकत्र बसून वाजवीत. ओटिस रेडिंग हा त्या घराण्याचा हिरा. १० डिसेंबर १९६७ रोजीं विमान-अपघातांत तो वारला, तेव्हां त्याचें वय अवघें सव्वीस होतें. पुढें चारच महिन्यांनीं, ४ एप्रिल १९६८ रोजीं, त्याच मेम्फिस शहरांत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ज्या लोरेन नांवाच्या वसतिगृहांत तो झाला, तेथें स्टॅक्सचे गवई-वादक उतरत आणि गाणीं रचीत. त्या दिवसानंतर काळ्यागोऱ्यांचा तो एकोपा पूर्वींसारखा राहिला नाहीं. १९७५ मध्यें संस्थेचें दिवाळें निघालें. १९८९ मध्यें ती वास्तूहि पाडली गेली. पुढें लोकांना चूक उमगली आणि त्याच जागेवर, तसाच दर्शनी भाग उभारून, २००३ मध्यें संग्रहालय उघडण्यांत आलें. घर पाडावयाचें आणि मग त्याचें चित्र भिंतीवर टांगावयाचें, हा मनुष्यस्वभाव आपल्यालाहि अपरिचित नाहीं.

मध्यंतरींच्या काळांत यंत्रें ताल धरूं लागलीं आणि जुन्या ढंगाचे गवई मागें पडले. तेव्हां ब्रुकलिनमध्यें कांहीं तरुणांनीं एक वेड घेतलें. गेब्रिएल रॉथ आणि नील शुगरमन या दोघांनीं २००१ मध्यें ‘डॅपटोन’ नांवाची तबकड्यांची संस्था काढली. एक जुनें पडकें घर घेतलें, त्याची दुरुस्ती मंडळींनीं बहुतांशी आपल्याच हातांनीं केली, आणि तेथें जुन्या पद्धतीचें, चुंबकीय फितीवर आठ पदर उमटविणारें यंत्र बसविलें. आतां संगणकावर प्रत्येक वादकाचा भाग निराळा मुद्रित करून, चुकलेला सूर मागाहून दुरुस्त करतां येतो. या मंडळींनीं ती सोय नाकारली. सर्वांनीं एका खोलींत बसावयाचें, एकमेकांकडे पाहून वाजवावयाचें, आणि एकजण चुकला तर सर्वांनीं पुन्हां आरंभ करावयाचा. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना या शिस्तीचें मोल वेगळें समजावून सांगावयास नको. अशा रीतीनें वाजविलेल्या गाण्यांत प्रत्येकजण दुसऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवून असतो, आणि तें ऐकणाऱ्याला जाणवतें.

या घराची गृहलक्ष्मी म्हणजे शॅरन जोन्स. जन्म १९५६, जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा गांवीं, वाढली ब्रुकलिनमध्यें. चर्चमध्यें गाई, परंतु गाण्यावर पोट भरेना. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांत ती पहारेकरीण होती. बँकांचा पैसा नेणाऱ्या चिलखती गाडीवर रक्षक म्हणूनहि तिनें काम केलें. तबकड्यांच्या धंद्यांतील एकानें तिला तोंडावर सांगितलें होतें कीं, तूं फार काळी, फार जाड आणि फार ठेंगणी आहेस. पंचविशीनंतर फार म्हातारीहि ठरलीस. ही हकीकत ती स्वतः अनेकदां सांगत असे. १९९६ मध्यें दुसऱ्या एका गवयाच्या मुद्रणाला साथीकरितां तिघी गायिका यावयाच्या होत्या. ही एकटीच आली, आणि तिघींचेहि भाग हिनेंच गायिले. तेव्हां तिचें वय चाळीस होतें. २००२ मध्यें तिची पहिली संपूर्ण तबकडी निघाली. तिच्या साथीदारांना ‘डॅप-किंग्ज’ म्हणत.

येथें एक गोष्ट न बोलतां पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. याच डॅप-किंग्ज मंडळींनीं इंग्लंडच्या एमी वाइनहाउस या तरुण गायिकेला तिच्या २००६ च्या तबकडींत साथ केली. ती तबकडी जगभर गाजली, आणि २००८ मध्यें त्या मुलीला पांच ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. गुणी मुलगी होती. २०११ मध्यें सत्ताविसाव्या वर्षीं ती वारली. परंतु ज्या साथीवर ती कीर्ति उभी होती त्या साथीची मूळ गायिका, पन्नाशीची काळी बाई, मोटारींतून गांवोगांव हिंडत लहान लहान सभागृहांत गात राहिली. ग्रॅमीकरितां तिच्या एका तबकडीची शिफारस झाली. पारितोषिक मिळालें नाहीं. डॅपटोन काढणारे तरुणहि गोरेच होते, हें सांगितलें पाहिजे. कोणाचें दुःख, कोणाचें गाणें आणि कोणाचा मोबदला, हा प्रश्न या संगीताच्या पाठीस आरंभापासून लागलेला आहे, आणि प्रेमानें केलेल्या पुनरुज्जीवनानेंहि तो सुटत नाहीं.

२०१३ मध्यें शॅरनला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. औषधानें डोक्यावरचे केस गेले. लोकांनीं टोप घालण्याचें सुचविलें असेल. ती तशाच उघड्या डोक्यानें रंगमंचावर आली आणि नाचत गायिली. १८ नोव्हेंबर २०१६ रोजीं, साठाव्या वर्षीं, ती गेली. बार्बरा कॉपल या दिग्दर्शिकेनें २०१५ मध्यें तिच्यावर चित्रपट केला, तो आम्हीं घरांत सर्वांनीं मिळून पाहिला. चित्रपट संपल्यावर थोरल्या वहिनींनीं पदर डोळ्यांना लावला आणि “केस गेले तरी बाई लपली नाहीं हो,” एवढेंच म्हणाल्या. वहिनींच्या लहानपणीं त्यांच्या घरांत एक सोंवळी आत्या होती, हें मला ठाऊक होतें. म्हणून मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.

चित्रपट पाहून झाल्यावर आमच्याकडे वाद झाला. माझा पुतण्या यंत्रशास्त्रज्ञ आहे. तो म्हणाला, “काका, बाईचें धैर्य मान्य. पण १९६५ सालचें गाणें २००५ सालीं जसेंच्या तसें वाजविण्यांत पुरुषार्थ काय? ही नक्कलच नव्हे का?” प्रश्न योग्य होता. त्या रात्रीं मीं कपाटांतून ‘संगीतरत्नाकर’ काढला. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाचा हा ग्रंथ म्हणजे आपल्या संगीतशास्त्राचा आधारस्तंभ. त्यानें गवयांचे पांच प्रकार सांगितले आहेत. उणीव न ठेवतां शिकवितो तो शिक्षाकार. दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करतो तो अनुकार. स्वतः रसांत बुडून जातो तो रसिक. श्रोत्यांचें मन रंगवितो तो रंजक. आणि गाण्यांत मूळच्यापेक्षां कांहीं अधिक घालतो, त्याला उंची देतो, तो भावुक. त्याच ग्रंथांत गवयाच्या दोषांचीहि यादी आहे. कावळ्यासारखा कर्कश ज्याचा आवाज, त्याला तेथें ‘काकी’ असें नांव आहे. हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. मला त्याच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

पुतण्याचा प्रश्न या भाषेंत मांडावयाचा तर असा होईल : हे आजचे गवई अनुकार आहेत कीं भावुक? याचें उत्तर मला चार्ल्स ब्रॅडलीच्या चरित्रांत सांपडलें.

हा मुलगा फ्लॉरिडांत आजीजवळ वाढला. आठव्या वर्षीं आईनें त्याला ब्रुकलिनला आणलें. १९६२ मध्यें बहिणीनें त्याला न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहांत जेम्स ब्राउन या प्रख्यात गवयाचें गाणें ऐकावयास नेलें. तेथून परतल्यावर तो घरीं त्याची नक्कल करूं लागला. चौदाव्या वर्षीं घर सोडून पळाला. रात्रीं भुयारी आगगाडींत झोंपे. पुढें सरकारी योजनेंत स्वयंपाक शिकला, आणि देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आचारी म्हणून राबला. कित्येक वर्षांनीं आईजवळ राहण्यासाठीं तो ब्रुकलिनला परत आला. तेथें लहान लहान गुत्त्यांतून तो खोट्या केसांचा टोप आणि झगा चढवून जेम्स ब्राउनचें सोंग घेऊन गाई. म्हणजे शार्ङ्गदेवाच्या व्याख्येप्रमाणें हा मनुष्य साक्षात् अनुकार. नांव दुसऱ्याचें, केस दुसऱ्याचे, आरोळीहि दुसऱ्याचीच. याच वेषांत डॅपटोनच्या गेब्रिएल रॉथनें त्याला पाहिलें. पुढें टॉमस ब्रेनेक या तरुण वादकाशीं त्याची गांठ घालून देण्यांत आली. ब्रेनेकनें त्याला स्वतःची हकीकत सांगावयास लाविलें आणि त्या हकीकतींतून गाणीं उभीं राहिलीं. त्यांतील एक त्याच्या भावाच्या खुनाविषयीं आहे. भावाचा खून पुतण्याच्याच हातून झाला होता.

आतां पाहा. चाळीस-पन्नास वर्षें दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करून जो गळा तयार झाला होता, त्या गळ्यांत जेव्हां स्वतःचें दुःख ओतलें गेलें, तेव्हां अनुकाराचा भावुक झाला. नक्कल वायां गेली नव्हती. तिनें भांडें घडविलें होतें. आपण लहानपणीं अर्थ न कळतां रूपावलि घोकतों, आणि पुढें कधीं तरी कालिदास हातीं आल्यावर तें घोकलेलें एकाएकीं बोलूं लागतें, त्यांतलाच हा प्रकार. त्याच्या आयुष्यावर २०१२ मध्यें एक चित्रपट निघाला. त्यांत साठी उलटलेला हा मनुष्य शिक्षकाजवळ बसून लिहिणें-वाचणें शिकतांना दिसतो. माझ्यासारख्याला तें दृश्य पाहून काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पुढें लोक त्याला ‘किंचाळणारा गरुड’ म्हणूं लागले. २०१७ च्या सप्टेंबरमध्यें जठराच्या कर्करोगानें तो गेला. प्रसिद्धीचीं वर्षें सहा-सात. पण कार्यक्रम संपल्यावर तो खालीं उतरून श्रोत्यांना एकेकाला मिठी मारीत असे, आणि लोक रांगा लावून त्याकरितां उभे राहत.

तरुणांतहि हा वारसा आहे. टेक्ससच्या फोर्टवर्थ गांवांत लिऑन ब्रिजेस नांवाचा एक मुलगा उपाहारगृहांत बशा विसळीत असे. १९८९ सालचा त्याचा जन्म. २०१५ मध्यें त्याची पहिली तबकडी निघाली, तेव्हां ऐकणाऱ्यांना सॅम कुकच पुन्हां आला असें वाटलें. पोषाखहि तसाच, मुद्रणाचीं यंत्रेंहि जुन्या काळचीं. परंतु त्याच तबकडींत एक गाणें त्याच्या आईच्या नांवाचें आहे, आणि त्यांत तिच्या जन्माची व लहानपणाची हकीकत आहे. जुनें भांडें, पण पाणी आपल्या विहिरीचें. २०१८ च्या तबकडींत त्यानें तो जुना पोषाख उतरवून नव्या रीतीचेंहि गाऊन पाहिलें. कांहीं चाहते नाराज झाले. मला मात्र तो शहाणा वाटला; आजोबांचा अंगरखा एकदां घालून पाहावा, पण जन्मभर त्यांतच राहिल्यास आपलें माप कधींच कळत नाहीं.

वारसा कोणाचा, या प्रश्नाचें सर्वांत चांगलें उत्तर रिअनन गिडन्स या विदुषीनें दिलें आहे. जन्म १९७७, नॉर्थ कॅरोलायना. ओबर्लिनच्या संगीत-महाविद्यालयांत तिनें युरोपीय ऑपेराचें रीतसर शिक्षण घेतलें. नंतर तिला बँजोचा नाद लागला. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकींत जो ‘बेंजो’ वाजतो, तो हा नव्हे. तो टंकलेखन-यंत्रासारख्या कळा दाबून वाजविण्याचा असून त्याचें मूळ जपानी आहे. अमेरिकेंतील बँजो म्हणजे कातडें ताणलेल्या गोल घेऱ्यावर दांडी बसवून केलेलें तंतुवाद्य. त्या देशांत सर्वसामान्य समजूत अशी कीं, हें डोंगराळ भागांतील गोऱ्या शेतकऱ्यांचें वाद्य. वास्तविक पश्चिम आफ्रिकेंतील भोपळ्याच्या वाद्यांवरून गुलामांनींच तें घडविलें. एकोणिसाव्या शतकांत गोरे नट तोंडाला काजळी फांसून, काळ्यांची टवाळी करीत तें वाजवूं लागले. पुढें हळूहळू वाद्य गोऱ्यांचें ठरलें आणि ज्यांचें होतें त्यांनाच त्याची लाज वाटूं लागली.

२००५ मध्यें बँजो वाजविणाऱ्या कृष्णवर्णीयांचें एक संमेलन बून या गांवीं भरलें. तेथें गिडन्सची इतर तरुणांशीं ओळख झाली. जो टॉम्सन नांवाचे एक वृद्ध वादक होते. जन्म १९१८, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजविण्याची ती जुनी विद्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. हीं मुलें वेळोवेळीं त्यांच्या घरीं जाऊन बसूं लागलीं. कागदावर कांहीं लिहावयाचें नाहीं. म्हाताऱ्यानें वाजवावें, मुलांनीं ऐकावें आणि मागोमाग वाजवावें. आपल्या गुरुमुखी विद्येहून यांत वेगळें काय आहे? २०१२ मध्यें टॉम्सन वारले, पण तत्पूर्वीं या मुलांच्या तबकडीला ग्रॅमी पारितोषिक मिळालेलें त्यांनीं पाहिलें. पुढें गिडन्सनें मायकेल एबल्स या रचनाकाराबरोबर ‘ओमर’ नांवाचा ऑपेरा लिहिला. पश्चिम आफ्रिकेंतील ओमर इब्न सय्यद हा विद्वान १८०७ मध्यें गुलाम म्हणून चार्ल्सटन बंदरांत विकला गेला, आणि त्यानें १८३१ मध्यें आपलें चरित्र अरबींत लिहून ठेवलें. त्याचीच ही कथा. २०२२ मध्यें त्याच चार्ल्सटन गांवीं तिचा पहिला प्रयोग झाला आणि २०२३ चें पुलित्झर पारितोषिक तिला मिळालें. ज्या बंदरांत पंडिताची बोली लावली गेली, त्याच गांवीं त्याच्या विद्येचा गौरव झाला.

आतां ‘काकी’ या शब्दाकडे येतों.

सुमारें तीस वर्षांमागची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनांत प्रारंभीं म्हणावयाच्या स्तोत्रासाठीं मुलें निवडण्याचें काम माझ्याकडे होतें. आठवींतला एक मुलगा आला. वडील सुतारकाम करीत. आवाज घोगरा, जाड, पण म्हणतांना डोळे मिटून म्हणे. मीं त्याला दोन ओळी म्हणूं दिल्या, थांबविलें, आणि वर्गाकडे पाहून म्हणालों, “शार्ङ्गदेवानें अशा गवयाला काकी म्हटलें आहे.” मला माझ्या विद्वत्तेचा विनोद करावयाचा होता. वर्गाला शार्ङ्गदेव कोठला ठाऊक? त्यांना चुलती ठाऊक होती. वर्ग खदखदून हंसला, मीहि हंसलों, आणि त्या दिवसापासून मॅट्रिकपर्यंत त्या मुलाचें नांव ‘काकी’ पडलें. त्या वर्षीं स्तोत्र फार शुद्ध झालें. पाहुण्यांनीं उच्चारांची प्रशंसा केली.

गेल्या वर्षीं माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत तो भेटला. चाळिशी उलटलेला, सुखवस्तु, स्वतःचा लांकूडकामाचा कारखाना. पायां पडला. रात्रीं सर्वजण गात बसले तेव्हां तो ताल धरून टाळ्या वाजवीत होता, ओंठ मात्र मिटलेले. मीं म्हटलें, “तूंहि म्हण कीं रे.” तो हंसून म्हणाला, “छे हो सर! माझा आवाज घोगरा. तुम्हींच नव्हतं का सांगितलं?” त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरें वाटलें असतें. पृथ्वी वाटोळी आहे हें शिक्षकानें सांगितलें म्हणून जसें मान्य करावयाचें, तसें त्यानें तें मान्य करून टाकलें होतें. मीहि हंसून दुसरा विषय काढला, आणि घरीं येऊन तें विसरलों. माजघरांतून ब्रॅडलीचा आवाज आला त्या संध्याकाळीं तें मला आठवलें.

आपल्या शास्त्रांत ‘काकु’ म्हणूनहि एक शब्द आहे. शोक, भय इत्यादि भावांनीं आवाजांत जो पालट होतो तो काकु. भरतानें नाट्यशास्त्रांत त्याचा विचार केला आहे. एक मात्रा बदलली कीं दोषाचा गुण होतो. काकी आणि काकु हे दोन्ही शब्द मला पाठ होते. त्या मुलाचे मिटलेले डोळे पाहून कोणता शब्द लावावयाचा, एवढेंच मला कळलें नाहीं. आणि तेंच शिक्षकानें कळून घ्यावयाचें असतें.

आपल्या घरांतून शुद्धतेचें महत्त्व मोठें. उच्चार शुद्ध हवा, सूर शुद्ध हवा; तें असावेंच, मी आजहि तेंच शिकवीन. परंतु मुलाच्या तोंडून पहिला स्वर निघतो त्या क्षणीं तो शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहण्याआधीं तो खरा आहे कीं नाहीं हें पाहावें. शुद्ध करावयास पुढें सारें आयुष्य पडलेलें असतें. मिटलेलें तोंड उघडावयास मात्र, एखाद्याला बासष्ट वर्षें लागतात. आणि बहुतेकांचें उघडतच नाहीं, कारण प्रत्येकाच्या वाटेवर ब्रेनेकसारखा कोणी उभा राहून “तुझी हकीकत सांग” असें म्हणत नाहीं.

मागील पंधरवड्यांत मीं त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलें. मोबाईलवर चार अक्षरें पाठविणें सोपें होतें. पण जी चूक वर्गांत सर्वांसमक्ष, पुऱ्या आवाजांत केली, तिची क्षमा अशी चोरून मागूं नये असें वाटलें. पत्रांत शार्ङ्गदेवाची हकीकत लिहिली, माझी चूक लिहिली, आणि चार्ल्स ब्रॅडलीचें नांव मोठ्या अक्षरांत लिहून, घरच्या मंडळींबरोबर बसून त्याचें गाणें एकदां ऐकावें अशी विनंती केली. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. येईलच असें नाहीं. पत्र लिहिण्यांत माझा जेवढा अधिकार होता तेवढा संपला.

थोरल्या वहिनी मात्र आतां त्या गवयाचें गाणें लागलें कीं हातांतलें काम थांबवितात. परवां त्यांनीं त्या मुलीला आपणहून सांगितलें, “तो रडणारा बाबा लाव ग.”

पाठांतराच्या पद्धतीविषयींचा लेख पुढील महिन्यांत अवश्य.